अनवाणी किक

हिंदुरावांच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांचा मुलगा रणधीर कोल्हापुरात कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी फ्री किक मारू लागला. एके काळी त्याच संघासाठी हिंदुराव मारायचे, तेही अनवाणी.

रणधीरने चेंडू वळवून गोल केला, की गॅलरी नाचायची. घरी हिंदुराव मिशीत हसायचे. "बुटात पाय घालून कुणीबी मारतंय. आमच्या वक्ताला चामड्याचा चेंडू भिजला, की धोंडा व्हायचा. तरी बोटं उघडीच!"

"आबा, एकदा तरी भारी म्हणा की!"

"बूट काढून मार, मग म्हणतो."

रणधीर हट्टाला पेटला. माळ्यावरचा जुना चेंडू भिजवून तो पहाटे एकटाच अनवाणी सराव करू लागला. एकदा गंजका खिळा तळव्यात घुसला. आबा हसतील म्हणून त्याने जखमेवर हळद दाबली आणि कुणालाच सांगितलं नाही.

आठवड्याभरात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. हिंदुराव त्याच्या पायाशी बसले. "तुझाच पाय भारी, लेका. आमच्यात असा कुणी नव्हता. ऐकलंस न्हवं?"

दातखीळ बसलेल्या रणधीरला बोलता आलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो धनुर्वाताने गेला.