वीतभर वर

"अप्पा, कपाटात रोपं वाढवायला कुठला दिवा घेऊ?" नातीनं फोनवर विचारलं, तेव्हा विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेले अप्पा हरखले. जागा लहान, म्हणून कमी तापणारा एलईडी घे, असं त्यांनी तासभर समजावलं.

आज तिच्या खोलीवर कपाट उघडलं आणि ती पंजासारखी पानं त्यांनी लगेच ओळखली.

"ऋजुता, हा गांजा आहे. पोलीस नेतील तुला."

"विकत आणताना पकडली जाण्यापेक्षा बरं ना?" तिचे डोळे लाल होते. "आता त्याशिवाय जमत नाही, अप्पा. पानं का करपताहेत, तेवढं सांगा."

अप्पांना रागावताही येईना. पोरांचा प्रश्न त्यांनी कधी टाळला नव्हता. त्यांनी दिव्याखाली तळहात धरून पाहिला.

"फार जवळ टांगलायस," ते म्हणाले. "वीतभर वर घे."