अर्धा टँकर

त्या उन्हाळ्यात वस्तीत बाबनरावच्या पाण्याच्या टँकरआधी कुजबुज पोचायची, की सीताबर्डीच्या हॉटेलवाल्यांना तो वाटेतच पाणी विकतो. आज दिवेलागणीला टँकर दारात लागला, तेव्हा त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, विचारलंच, "एवढा उशीर काहून?"

"भरल्या टँकरपरीस अर्धा वंगाळ असते वं. पाणी आत हिंदकळते, वळणावर गाडी पाडते. हळूच आणा लागते. उरलेलं अर्धं सकाळी वाटतो वस्तीले."

तुळजाबाईने मान हलवली. "बरं, गाडी जरा पुढे घ्या. दारात बाज टाकाची आहे."

बाबनरावने टँकर झपकन पुढे घेतला आणि करकचून ब्रेक मारला.



गाडी जागच्या जागी थांबली. टाकीत काहीच हिंदकळलं नाही.