चालू काळजाचं ऑपरेशन

गोटीरामनं टोमॅटोचे दोन भरलेले क्रेट एकावर एक रचून उचलले आणि ओट्यावर नेऊन ठेवले. त्याला धापही लागली नव्हती.

डॉ. आरोही बघतच राहिली. "एवढं ओझं कधीपासून उचलता?"

"पयल्यापासनं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हंजी, ऑपरेशनानंतर थोडं दमानं."

त्याची बायपास पावसाळ्याच्या तोंडावर झाली होती आणि आता कुठे दसरा झाला होता. सायखेड्याजवळच्या या वस्तीवर यायला आरोहीनं मुद्दाम रविवार निवडला होता. एरवी गोटीराम सिन्नरच्या कारखान्यात असायचा. त्याच्या कार्डावर ऑपरेशनचा सगळा खर्च कारखान्यानंच केला होता.

आरोही नाशिकच्या हॉस्पिटलात नुकतीच लागली होती. दोन हजार तीन साल होतं. तिथं बायपास दोन तऱ्हांनी व्हायची. एकीत हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवायचं. दुसरीत हृदय धडधडत असतानाच टाके घालायचे. दुसरीत मशीनचा खर्च वाचायचा, पण हृदयाचा तेवढा भाग स्थिर धरणारं उपकरण महाग पडायचं. मग फायदा नेमका कशात, यावर डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. सर्जन डॉ. शेखर पगार तिला म्हणाले होते, "बिलं माझ्यापाशी आहेत. घरी गेल्यावर माणूस कसा जगतो, ते मला कळत नाही. तेवढं बघून ये."

म्हणून ती घरोघर हिंडत होती. मालेगावचा यंत्रमागवाला अजून जिना चढताना मध्येच बसत होता. सिन्नरच्या मास्तरांना शेजाऱ्यांची नावं आठवत नव्हती. दोघांचंही ऑपरेशन हृदय थांबवून झालेलं. आणि इथं हा गोटीराम. चालू हृदयावर ऑपरेशन झालेला, आणि क्रेट उचलणारा. असं कसं, याचं तिला राहून राहून कुतूहल वाटत होतं.

गोटीरामची बायको भागुबाई चहा घेऊन आली. "ताई, आता बरंय त्यांचं. कशाला इतकं इचारायचं?" ती हळूच म्हणाली.

"बरं आहे म्हणूनच विचारतेय." आरोही हसली. "कारखान्यात काय काम करता आता?"

"बसून काम दिलंय. बसून बसून कंबर धरती," गोटीराम म्हणाला.

"सुरुवातीला कुशीवर झोपता यायचं?"

गोटीराम चहा फुंकू लागला. खाटेवर त्याचा धाकटा भाऊ लहानू टोमॅटो निवडत बसला होता. उन्हातही त्यानं सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यानंच उत्तर दिलं.

"महिनाभर नाय. उताणंच झोपायचं. खोकला आला तर छातीशी उशी धरायची."

"तुम्ही होतात वाटतं सोबत?"

"आमी दोघं बी व्हतो दवाखान्यात," लहानू म्हणाला आणि पुन्हा टोमॅटोकडे वळला.

आरोहीनं चहा संपवला. तिला मनापासून आनंद झाला होता. "गोटीरामभाऊ, तुमच्याइतका बरा झालेला पेशंट मला अजून भेटला नाही. मी सरांना सांगणार आहे. चालू हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस चार महिन्यांत ओझं उचलतो, म्हणजे आम्ही बाकीच्यांनाही लवकर कामाला लागा म्हणून सांगू शकू. रोजंदारीच्या माणसाला केवढा आधार होईल."

गोटीरामनं कप खाली ठेवला. "बाकीच्यांना म्हंजी?"

"पुढं ज्यांची ऑपरेशनं होतील त्यांना."

"माझ्यावरनं त्यांचं ठरनार?"

"एकट्या तुमच्यावरून नाही. पण तुमचं उदाहरण मोठंच आहे."

"आन् त्यातल्या एखाद्यानं असलं ओझं उचललं, आन् त्याला नाय सोसलं तर?"

आरोहीला हा प्रश्न आवडला. "आतले टाके तुटू शकतात. जीवावरही बेतू शकतं. म्हणून तर आधी तुम्हाला नीट तपासते. सदरा काढा."

"राहू द्या ना, ताई," भागुबाई पुढं होत म्हणाली. "नोकरीचा माणूस हाय तो."

नोकरीचा इथं काय संबंध, ते आरोहीला कळेना. तिनं स्टेथोस्कोप कानाला लावला.

गोटीरामनं एकदा खाटेकडे पाहिलं. लहानूचे हात थांबले होते. मग गोटीरामनं सावकाश एकेक गुंडी काढली आणि सदरा बाजूला केला. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"कारखान्याचं कार्ड माझं व्हतं, म्याडम," तो म्हणाला. "काळीज लहानूचं."