सही करण्याआधी

"तुम्ही आता एक शब्दही बोलायचा नाही, काका," वकीलबाईंनी बजावलं. "मला फक्त काकूंशी बोलायचंय."

काका गप्प बसले. काकूंपुढे गप्प बसायची सवय त्यांना लग्नापासूनची होती. पण आज ते जड जात होतं. घर दोघांच्या नावावर, म्हणजे अर्धं काकूंचं. आपण कशावर सही करतोय हे ज्याला कळत नाही, त्याची सही कायद्यापुढे टिकत नाही. आणि काकू हल्ली विसरतात, हे काकांनी आधीच सांगून टाकलं होतं. 'थोडंसं' म्हणाले होते. थोडंसं म्हणजे किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकू जिन्यावरून पडल्या होत्या. गॅस दोनदा उघडा राहिला होता. परगावच्या मुलाने आपल्या शेजारीच तळमजल्यावरची जागा बघून ठेवली होती आणि तो रोज फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. घेणारं जोडपं ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत बसलं होतं. माणसं भली होती, पण आज सही झाली नाही तर ते दुसरं घर बघणार होते.

म्हणून काकांनी आठवडाभर चहाच्या वेळी काकूंकडून सगळं घोकून घेतलं होतं. काकू मान डोलवायच्या आणि बिस्कीट बुडवायच्या. आज मात्र 'घराच्या कामाला जायचंय' म्हटल्याबरोबर त्या ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या राहिल्या. काकांना बरं वाटलं. पटलं एकदाचं, असं ते मनात म्हणाले.

वकीलबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. आज आपण कशासाठी जमलोय, असं त्यांनी काकूंना विचारलं.

"घरासाठी," काकू म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. "पण सही करायच्या आधी मला चार गोष्टी विचारायच्यात."

आणि त्यांनी विचारल्या. घरावर कुणाचं कर्ज तर नाही ना? मूळ कागद कुणाच्या हातात आहेत? उद्या एखादी बहीण नाहीतर पुतण्या हक्क सांगत उगवला तर? मागच्या बोळातून शेजारी ये-जा करतात, तो बोळ घराचा की सगळ्यांचा? घरपट्टी कुठवर भरलीय? आणि ताबा कधी, सही झाल्यावर लगेच की मागाहून?

वकीलबाईंनी एकेक उत्तर दिलं आणि देता देता त्या खूश होत गेल्या. घर विकताना घेणाऱ्याची एवढी काळजी वाहणारं माणूस त्यांच्या ऑफिसात आजवर आलं नव्हतं. तुम्ही मला उगाच घाबरवलंत, काकूंना तर सगळं लख्ख कळतंय, असं त्या काकांना म्हणाल्या.

काकाही आधी सुखावले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला होता, तो ठसका, टेबलावर बोट आपटत बोलणं. मग त्यांच्या लक्षात आलं. हे प्रश्न त्यांच्या ओळखीचे होते. याच क्रमाने, अशाच एका ऑफिसात, घर घ्यायला गेले असताना त्यांनी ते ऐकले होते. तेव्हा ते काका नव्हते आणि ती काकू नव्हती. नवी नवरी वकिलाची उलटतपासणी घेतेय म्हणून ते लाजेने अर्धे झाले होते आणि टेबलाखालून तिचा हात ओढत होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, घर म्हणजे काय भाजी आहे, किडकी निघाली तर टाकून द्यायला? पहिल्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र पसरून ती दोघं जेवली. बोललं की आवाज घुमायचा, म्हणून मुद्दाम मोठमोठ्याने बोलत राहिली. बाहेरच्या खोलीला रंगही दोघांनीच दिला. त्याने रंगवलेली भिंत कुठली आणि तिची कुठली, हे आंधळ्यानेही सांगितलं असतं. पुढे चांगले रंगारी आले, पण तशी मजा पुन्हा आली नाही. किती सुखात होतो आपण, काकांना वाटलं.

काकू घर विकायला आल्याच नव्हत्या. त्या घर घ्यायला आल्या होत्या.

सांगावं का? सांगितलं तर हातातोंडाशी आलेला घास जाणार. मुलगा चिडणार, आणि जिना तर घरात तसाच राहणार. काकांनी तोंड मिटून घेतलं. एका सहीचा तर प्रश्न होता.

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. काकूंनी पेन उचललं, टोपण काढलं, आणि त्या थांबल्या. खुर्ची वळवून त्यांनी काकांकडे पाहिलं. परक्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघावं तसं, आदराने.

"काका, राग मानू नका, पण विचारते. घर खुशीने देताय ना तुम्ही? कुणाचं मन मोडून घेतलेल्या घरात मला सुख लागायचं नाही."

वकीलबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. काकांना 'हो' म्हणायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण या बाईशी त्यांना कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं.

"नाही, बाई," ते म्हणाले. "खुशीने नाही."

काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि काकांच्या हातावर हलकेच थोपटलं.

"मग राहू द्या. आमचे हे खाली स्कूटर लावताहेत. फार जीव जडलाय त्यांचा या घरावर, पण त्यांना मी समजावते."