हाउजीचा पहिला आकडा

"मनोरमाबाय, तुम्ही फक्त पाच म्हणायचं. बाकी मी बघतो," एरॉल म्हणाला आणि माईकची वायर सोडवायला वाकला.

मनोरमाने मान हलवली. स्टेजवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तिची कंबर अवघडली होती. समोर भुईगावच्या शाळेचं मैदान भरत चाललं होतं. कुणी चटई आणली होती, कुणी घरची खुर्ची, आणि ज्याच्या त्याच्या हातात तिकीट न् पेन्सिल. कॅन्सरच्या पेशंटना दर मंगळवारी परळच्या इस्पितळात नेणारी एरॉलच्या मंडळाची गाडी वर्षभर या एका हाउजीच्या तिकीटविक्रीवर चालायची. डिझेल, ड्रायव्हर, अडल्यानडल्याची औषधं, सगळं या संध्याकाळीच उभं राहायचं. एरॉलची बायको याच आजाराने गेली, त्या वर्षी त्याने ही गाडी सुरू केली होती.

खेळाचे पहिले आकडे पिशवीतून निघत नसत. ते बरे झालेले पेशंट सांगत. उपचार संपून जितकी वर्षं झाली तितका आकडा माईकवर म्हणायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि तिकिटावर असेल तर खोडायचा. पाच म्हटलं की सुटलात, पुढच्या वर्षीपासून खाली बसून खेळा. मनोरमाचे एक, दोन, तीन, चार म्हणून झाले होते. आज पाच. हे सगळ्या वसईला ठाऊक होतं, कारण एरॉलने तिचा फोटो टाकून बॅनर लावले होते. पापडी गावापासून होळी बाजारापर्यंत ती नाक्यानाक्यावर हसत होती.

"तुमच्या पाचामुळे तिकिटं संपली, बाय. दोनशे जादा छापली," एरॉल जाता जाता म्हणाला.

रिपोर्ट शुक्रवारी आला होता. दुखणं परतलं होतं, या खेपेला यकृतात. मंगळवारपासून सुरू करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मनोरमाने रिपोर्ट तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि नवऱ्याला, चंद्रहासला, वाडीत निवांत पाणी लावू दिलं. सांगायचं म्हणजे ऐकणाऱ्याला धीरही आपणच द्यायचा. मागच्या वेळी तिने अख्ख्या गावाला धीर दिला होता. आता तेवढं त्राण नव्हतं. रडूही येत नव्हतं. नुसता कंटाळा आला होता, हाडापर्यंत. एवढी संध्याकाळ निभावायची, एक शब्द म्हणायचा आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, असं तिने ठरवलं होतं.

शेजारच्या खुर्चीत स्टेफी होती. सव्वीस वर्षांची पोर, केस आता कुठे कानापर्यंत आलेले. यंदा स्टेजवर या दोघीच. स्टेफीचा आज 'एक' होता.

"काकी, हात बघा ना माझे, कसले गार पडलेत."

मनोरमाने तिचा हात हातात घेतला.

"एक सांगू? हसायचं नाही हां. भीती वाटली ना की मी स्कूटी काढून तुमच्या बॅनरपाशी जाते. म्हणते, काकींची झाली ना पाच, मग माझी पण होणार."

मनोरमा हसली नाही.

"मंगळवारी जाणार आहे मी गाडीने. चेकअप आहे," स्टेफी म्हणाली. "तुमची मजा आहे, काकी. तुम्ही सुटलात."

मंगळवारी सकाळी हीच पोर गाडीत बसलेली असणार आणि आपण फाईल घेऊन चढणार, हे मनोरमाच्या आत्ता ध्यानात आलं.

एरॉलने नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. ती उठली, माईकपाशी गेली. दुसऱ्या रांगेत चंद्रहास इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. सकाळी त्याने गठ्ठ्यातली पन्नास तिकिटं उलथीपालथी करून पाच असलेलं तिकीट हुडकलं होतं. पेन्सिलीचं टोक पाचावर टेकवून तो तिच्याकडे बघत होता.

"एक," मनोरमा म्हणाली.

मैदानात हशा पिकला. एरॉल लगबगीने पुढे आला. "बाय, पाच! पाच म्हणा!"

"एकच, एरॉल. परत पहिल्यापासून." माईक सुरूच होता. "मंगळवारी गाडीत माझी जागा ठेव."

हशा विझत विझत मागच्या रांगांपर्यंत गेला. टाळीसाठी उचललेले हात कुठे ठेवावेत हे लोकांना कळेना. चंद्रहासची पेन्सिल पाचावरच होती. तो तसाच बघत राहिला आणि मनोरमाला वाटलं, घरी सांगायला हवं होतं, निदान याला तरी.

मागे खुर्ची सरकली. स्टेफी उठून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पळून जाईल असं मनोरमाला वाटलं. ती गेली नाही. मनोरमाच्या दंडाला घट्ट धरून तिने माईक स्वतःकडे वळवला.

"एक," ती म्हणाली.

पुढच्या चटईवर ग्रेसीमावशी तिकिटात डोकं घालून बसली होती. तिने चष्मा वर सारला आणि स्टेजकडे बघून ओरडली,

"अरे एरॉल, एक दोनदा आला. पाच कधी येनार?"