आवरणाऱ्या पेशी

“एकदाच टोचणार, ताई. वीस वर्षांत दुसऱ्यांदा कुणाला टोचलेलं नाही,” रक्त काढणाऱ्या काकांनी आईला छातीठोक सांगितलं. सहा वर्षांच्या पोरीचे सांधे तिच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी कुरतडत होत्या. त्यांना आवरणाऱ्या पेशी मोजल्याशिवाय औषध मिळणार नव्हतं. पोरगी म्हणाली, “आधी तुमचं काढा!” काकांनी हसत स्वतःचं काढलं, मग तिचं. दुपारी लॅबमधून डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या, “अहो, या आवरणाऱ्या पेशी पन्नाशीच्या माणसाच्या आहेत! पोरांच्या कोवळ्या असतात. पोरीची ट्यूब कुठंय?” ती काकांनी आपली समजून फेकली होती. “आता तरी नावाची चिठ्ठी आधी चिकटवा!” निकालासाठी थांबलेली आई वैतागली. पोरीने भोकाड पसरलं. काकांनी पुन्हा टोचलं, चिठ्ठी दोनदा वाचली, ट्यूब दोन्ही हातांत जपत लॅब गाठली आणि दाराला खांदा लावला. त्याच क्षणी दार डॉक्टरीणबाईंनी आतून उघडलं. ट्यूब फुटली.