काळ्या कोटाची काजं

'ओव रे राजा, दोरा ओव, आईच्या डोळ्यांत दिवा लाव.'

आईचा पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज. शिंपी सुई हातात घ्यायचा आणि तो कानात यायचा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दवाखान्याची पायरी चढायला ती भ्यायली आणि अंधारातच गेली. तेव्हापासून घरात सुया ओवायचं काम त्याचं. हल्ली तारेच्या फासाने ओवायचा, सवयीने. सकाळी दहा सुया ओवून बायकोपुढे ठेवायच्या; कपडा त्याने शिवायचा, काजं तिने करायची.

अकराला तिच्यापुढे ताटली यायची. किसलेलं गाजर, वाफवलेला पालक, सोललेलं संत्रं. मशीनच्या वर भिंतीला कात्रण चिकटवलेलं: यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे मोतीबिंदू लांबतो. मूळ मजकुरात 'कदाचित' होतं, ते कापताना कात्रीखाली गेलं.

"ही कुठली आंटी रोज ताटलीत येते हो?" ती म्हणायची. "पाला खाऊन खाऊन आता हंबरायचीच राहिलेय मी."

"हंबर. पण संपव."

त्याला धास्ती होती. पूर्वी एका कोटाची काजं ती जेवणाआधी उरकायची. आता दिवेलागण व्हायची. कोट घेऊन खिडकीशी जायची, पाठ करून बसायची. विचारलं तर म्हणायची, "हात जड झालाय." त्याने खोलीतला बल्ब दोनदा बदलला. उजेड काही वाढला नाही. गाजरं मात्र एकाची दोन झाली.

"आईसारखं मला झालं ना," तो एकदा म्हणाला होता, "तर मी उभ्याउभ्या मरेन. तुला झालं तर त्याच्याही आधी."

त्या दिवशी नवरदेवाचा काळा कोट होता. चार वाजले तरी तिचं तिसरंच काज चाललेलं. त्याने मशीन थांबवलं.

"उद्यापासून तुझी काजं बंद. पलीकडच्या गल्लीतल्या बाईंना सांगून आलोय. तू नुसती समोर बसून राहा. तेवढं पुरे मला."

ती उठली. कपाटातून बटणांचा जुना डबा काढला आणि त्याचा हात धरून त्याला दारातल्या उन्हात नेलं. झाकण उघडलं. आत उसवलेल्या दोऱ्यांचा गुंता, काठोकाठ.

"कोणता रंग?"

"मला काय विचारतेस? माझ्याच रिळाचा काळा." तो हसला. "हे एवढं उसवलं कुणी?"

"मी. तुमची पाठ वळली की उसवायचं आणि परत घालायचं. त्या बाई नाही उसवायच्या. तुम्ही द्याल त्याच दोऱ्याने काजं करून मोकळ्या होतील."

त्याचं हसू ओठांवरच थांबलं. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"निळा आहे हो हा. वर्षभर काळा म्हणून निळाच ओवून देताय. पालक चुकीच्या माणसाने खाल्ला. उद्या दवाखान्याची पायरी आपण दोघं मिळून चढू."